इवाई आणि कंदीलवाला

आमचे इवाई ज्यावर कधीच रागावले नाहीत अशी एकही वस्तू वैनगंगेच्या या काठावर शिल्लक नाही, आणि हे मी त्यांची बाजू घेऊन सांगते आहे. इवाई म्हणजे व्याही, माझ्या लेकीचे सासरे. आमच्या बालाघाटकडे ‘व्याही’ म्हटलं तर कुणीतरी पुस्तक वाचून दाखवतंय असं वाटतं. पंखा कुरकुरतो म्हणून ते पंख्यावर रागावतात, आणि कुरकुरला नाही तर जास्त रागावतात, कारण मग तो कधी पडणार ते आधी कळत नाही. खैरलांजीच्या बसवर ती उशिरा येते म्हणून रागावतात. एकदाच ती वेळेवर आली, तेव्हा ‘ड्रायव्हर पिसाटावानी चालवून राह्यला’ म्हणून रागावले. माझ्यावर ते किती रागावतात याचा हिशेब मी ठेवला नाही, कारण तेवढा वेळ मी त्यांच्यावर रागावण्यात घालवत होते. ईन म्हणजे विहीण; ईन आणि इवाई यांच्यात थोडी धुसफुस असावीच लागते, त्याशिवाय लग्नाला चव नाही. पण आमची धुसफुस वीस वर्षं चालली होती. अशा माणसाच्या शेजारी बसून मी दीड-दोन वर्षं व्हिडिओ गेम खेळले, हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या लेकीला विचारतात, ‘आईची तब्येत बरी आहे ना?’

दोष नातीचा. ती अकरावी-बारावीला माझ्याकडे राहत होती. भोपाळला कॉलेजात जाताना ते यंत्र टीव्हीला तसंच जोडून ठेवून गेली. म्हणाली, “आजी, होस्टेलमें चोरी होती है. तूच खेळत जा, नाही तर बटणं चिकटून जातील.” आणि एका कागदावर बटणांची चित्रं काढून दिली: फुली म्हणजे उडी, गोल म्हणजे सोड, चौकोन म्हणजे मार, त्रिकोण म्हणजे बोल. मला वाटलं सापशिडीसारखं काहीतरी असेल. निघाली अख्खी दुनिया. डोंगर, दलदल, सात राजे, शेकडो गावं, आणि प्रत्येक गावात प्रत्येक माणूस तुम्हाला काहीतरी काम सांगणार. आमच्या घरात जेवढी कामं मला सासूने सांगितली नसतील तेवढी पहिल्या गावातल्या एका शिंप्याने सांगितली.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. सुरुवातीला खेळ विचारतो, तुमचं माणूस कसं दिसायला हवं? मी चार दिवस फक्त नाक करत बसले. अठराव्या वर्षी माझं नाक जसं होतं असं मला वाटतं, तसं नाक. गालावर तीळही दिला, जो माझ्या गालावर कधीच नव्हता. मग ही सुंदर बाई बाहेर पडली आणि लोकांच्या घरात घुसून मडकी फोडू लागली. त्या खेळात कुणाच्याही घरात जाऊन काहीही उचलता येतं, आणि ज्या बाईने उभ्या जन्मात शेजारणीची वाटी परत द्यायला एक दिवस उशीर केला नाही, ती मी, लोकांच्या स्वयंपाकघरातून पनीर पळवत होते. झोळीत सदतीस केरसुण्या होत्या. का, ते मला विचारू नका. दिसली की उचलायची.

अशी मी एका दुपारी भुयारात शिरत असताना इवाई आले. त्यांच्या शेतातले नवे तांदूळ घेऊन आले होते. दारातच त्यांनी पिशवी खाली टेकवली आणि ओरडले, “थांबा! छत ठोकून पाह्यलं का?”

इथे सांगायला हवं की इवाई मँगनीजच्या खाणीत चौतीस वर्षं सरदार होते. तलवारवाले सरदार नव्हेत. पाळीची माणसं घेऊन जमिनीखाली उतरायचं, लोखंडी सब्बलीने छत ठोकून बघायचं, आणि पाळी संपली की सगळ्यांना मोजून वर आणायचं, या कामाला खाणीत सरदार म्हणतात. छत टण्ण वाजलं तर चांगलं, भद्द वाजलं तर मागे फिरायचं.

“इवाईबुवा,” मी म्हटलं, “हे टीव्हीतलं छत हाय जी.”

“छत छत असते. कुटंबी असो.”

आणि ते बसले. खुर्चीवर नाही, आमच्या खुर्चीचा एक पाय त्यांनी हलवून पाहिला आणि तिला नापास केलं. दुसऱ्या दिवशी स्वतःचं लाकडी स्टूल घेऊन आले. मग रोज तीन वाजता यायचे. चपला दाराशी काढायच्या त्या बोटं बाहेरच्या दिशेला करून, म्हणजे पळायची वेळ आली तर वळवत बसायला नको. माझ्याही चपला ते फिरवून ठेवत. आमचे हे आतल्या खोलीत घोरत असत. त्यांच्याही चपला कॉटखाली बाहेर तोंड करून.

खेळ शिकवायची जबाबदारी माझी. मी जन्मात इतकी वाईट शिकवणी कुणाची घेतली नाही. हातातल्या त्या यंत्राला दोन काड्या असतात: डावीने चालायचं, उजवीने बघायचं. इवायांना एका वेळी दोन्ही जमेना. पहिले आठ दिवस आमची सुंदर बाई आभाळाकडे तोंड करून चालत होती आणि दर दहा पावलांवर विहिरीत पडत होती. एकदा पायऱ्यांच्या विहिरीत पडली. इवाई चारी मजले बघत म्हणाले, “हट्ट्याच्या बावडीची नक्कल केली लेकायनं.” हट्टा माझं माहेर. मी म्हटलं, “बावडी आमची चांगली हाय, तिच्यात असं कोनी पडत नाही.” या वाक्यावर ते दोन दिवस बोलले नाहीत, पण आले बरोबर तीनला.

नकाशाचं तर विचारूच नका. त्या खेळात एक बटण दाबलं की सगळ्या मुलखाचा नकाशा उघडतो, बोट ठेवाल तिथे क्षणात पोचवतो. शहाणी माणसं तसंच खेळतात. इवायांनी नकाशा एकदाच पाहिला आणि तोंड फिरवलं. “हा बसून काढला हाय. चालून नाही.” मग त्यांनी जाड पुठ्ठ्याची वही आणली. आमची बाई चालणार, ते पावलं मोजणार आणि वहीत रेघ ओढणार. पळायची मनाई. “खाली पळायचं नसते.” मी म्हटलं, आपण वर आहोत, गवतात आहोत. तर म्हणाले, “सवय एकच असते जी, वरची वेगळी खालची वेगळी अशी नाही.” एका गावाहून दुसऱ्या गावी जायला आम्हाला साडेतीन दिवस लागले. रस्त्यात तीनदा लांडग्यांनी खाल्लं, तिन्ही वेळा पहिल्यापासून मोजणी.

आणि ते ठोकणं! भुयार दिसलं की आत पाय टाकायच्या आधी तलवारीने छत ठोकायचं. टण्ण टण्ण टण्ण. आतले राक्षस, जे बिचारे आपल्या जागी झोपलेले असत आणि हळूच बाजूने गेलं तर ज्यांना पत्ताही लागत नाही, ते सगळे एकदम उठून येत. तलवारी मोडत. मी किंचाळत असे, “इवाईबुवा, तुमी यायले जेवायचा निवता देऊन राह्यले!” आणि ते मान तिरकी करून शांतपणे म्हणत, “आवाज चांगला हाय. चला.” मग मरत. त्यांच्या पायी मी जितकी मेले, तितकी मी स्वतःच्या मूर्खपणाने मेले नाही, आणि तो काही कमी नव्हता.

माणसांवर त्यांचा जीव मात्र विचित्र होता. पहिल्या गावात एक लोहार दिवसभर घण मारत असतो. त्याला तेवढंच येतं. खेळातलं माणूस ते. इवायांनी आठ दिवस त्याच्यावर नजर ठेवली आणि नवव्या दिवशी संतापाने लाल झाले. “रविवारीबी ठोकते हा. सुट्टी नाही, चहा नाही. कोन हाय याचा मालक?” राजा भेटला तेव्हा तो सिंहासनावर बसूनच बोलला म्हणून इवायांनी त्याचं काम घेतलं नाही. त्या राजाच्या कामापासूनच खेळाची खरी गोष्ट सुरू होते, असं नात फोनवर सांगत होती. “अहो आजोबा, पण—” “उठून बोल म्हन त्याले,” एवढंच त्यांनी तिला सांगितलं.

याच सुमारास त्यांनी ती यादी पाहिली. आपल्यासोबत कोण कोण चाललं आहे त्याची यादी एका पानावर असते. त्यात एक नाव राखाडी होतं.

“हा कोन?”

मी कौतुकाने सांगितलं. पहिल्या महिन्यात, ते यायच्या आधी, मी एक कंदीलवाला सोबत घेतला होता. जाडसर, दाढीवाला. आपण जाऊ तिथे मागे मागे येतो आणि मध्येच इंग्रजीत म्हणतो, ‘मी मागेच आहे.’ त्याला घेऊन मी उत्तरेकडच्या एका खोल खाणीत उतरले. तिथे एक ढाल होती, सोन्यासारखी चमकणारी. कंदीलवाला लंगडत खाली बसला, राक्षस आला, आणि मी ढाल उचलून जी धूम ठोकली ती थेट गावात येऊन थांबले. किती हुशार मी! नातीला फोन करून सांगितलंही होतं.

इवाई स्टुलावरून उठले. आवाज चढला नाही, हेच वाईट. “मानूस खाली ठेवून आले तुमी? आन् ढाल आनली?”

“तो खरा थोडीच हाय!”

“मोजलं नाही. वर येऊन मोजलं नाही.”

माझं डोकं फिरलं. वीस वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. “मोजायचं तुमी मले शिकवता? सोताच्या लेकाच्या लग्नात कुटं होते तुमी? वऱ्हाड दारात, नवरदेव दारात, नवरदेवाच्या बापाचा पत्ता नाही! हातात ताट घेऊन उभी होते मी. वात दोनदा विझली. मुहूर्त गेला!”

ही गोष्ट मला पाठ होती, कारण मी ती मनातल्या मनात रोज घोकली होती. सेहेचाळीस वर्षांची बाई, नवरीची आई. रुसायचा हक्क खरा वरमाईचा, पण वरमाई बिचारी सगळ्यांना पाणी विचारत फिरत होती आणि रुसून बसले होते मी. नवरीची आई रुसल्याचं तालुक्यात कुणी ऐकलं नव्हतं. इवाई आले तेव्हा लग्न कसंबसं लागून गेलं होतं. पंगतीत ते बसले तर मी वाढणाऱ्या पोरीला डोळ्याने खुणावून त्यांच्या वरणावर तूप पडू दिलं नाही. केवढा तो सूड! पुढे वीस वर्षं मी ते तूप आठवून खूश होत असे.

इवायांनी चपलांत पाय घातले. बाहेर तोंड करून ठेवलेल्याच होत्या. “त्या रोजी माही सुट्टी होती,” ते म्हणाले. “पन दुसरा सरदार आजारी पडला तं सकाळची पाळी मीच नेलती. एक बिल्ला वापस आला नोता.”

खाली जाणाऱ्या प्रत्येकाला एक पितळी बिल्ला मिळतो; वर आलं की परत खिळ्यावर टांगायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली.

“मंग?” मी विचारलं.

“मंग काय. शोधला.”

“सापडला?”

“जुन्या गॅलरीत, खालच्या बंद बोगद्यात, झोपून होता येडा. नाईट करून आलता.”

“आन् हे तुमी मले वीस वर्सं काहून नाही सांगतलं?”

“इच्यारलं कोनी?” म्हणाले आणि गेले.

चार दिवस आले नाहीत. मी रागात होते. कुणावर, ते मुद्दाम ठरवलं नाही. पाचव्या दिवशी तीन वाजता स्टुलावर बसलेले. वहीचं नवं पान उघडलेलं, वर लिहिलेलं: ‘एक माणूस खाली.’

त्या दिवसापासून आमच्यासाठी ती सगळी दुनिया बंद झाली. ती खाण अशी होती की मी तिथे नशिबाने जिवंत सुटले होते. नीट उतरायचं तर आमच्या बाईला आणखी कितीतरी ताकद हवी होती. मग इवाई शिकले. रागारागाने शिकले. कोणत्या पाल्याने जखम भरते, कोणता राक्षस आगीला भितो, ढाल कधी उचलायची, सगळं वहीत. दोन्ही काड्या एकदम फिरवायला शिकले. छत ठोकायचे तेव्हा आधी भाला रोवून ठेवू लागले, म्हणजे धावून येणारे त्यावरच पडत. मला समुद्र बघायचा होता. नात म्हणे की पूर्वेला समुद्र आहे आणि तिथे होडी मिळते. मी दर आठवड्याला म्हणायची, जाऊ या ना एक चक्कर. “मानूस खाली हाय,” ते म्हणायचे. एवढा मोठा खेळ, एवढे राजे, एक उडणारा घोडासुद्धा, आणि आमची बाई वर्षभर एका डोंगराच्या पायथ्याशी पाला खुडत होती. मी अशी संतापायची, की एकदा त्यांच्या चहात मुद्दाम साखर घातली नाही. त्यांनी पिऊन टाकला. छातीच्या डॉक्टरने साखर बंद केलीच होती म्हणे.

छातीचं दुखणं तेव्हाच वाढलं होतं. आमच्या दोन पायऱ्या चढून आले की ते स्टुलावर बसून आधी दाराकडे बघत राहायचे, मग टीव्हीकडे. धाकटा मुलगा रायपूरला असतो. तिथे मोठ्या दवाखान्यात दाखवायचं आणि त्याच्याकडेच राहायचं, असं ठरलं. रविवारी तो गाडी घेऊन येणार होता. सोमवारी इवाई मला म्हणाले, “सहा दिवस हायेत. उतरू.”

उतरलो. मंगळवारपर्यंत तळ गाठला. कंदीलवाला तिथेच होता, भिंतीला टेकून, कंदील पेटलेला. त्रिकोण दाबला तर उठला आणि म्हणाला, ‘मी मागेच आहे.’ जसं काही झालंच नाही! मला त्याचाही राग आला. तळाशी एक चमकणारा दगड होता. हात लावला की एका क्षणात गावात. मी हात पुढे केला. इवाई म्हणाले, “चालत.”

तो लंगडत होता. बुध, गुरु, शुक्र, तीन दुपारी आम्ही त्याच्या चालीने वर चढलो. इवाई वळणावळणाला थांबायचे, आमच्या बाईला मागे फिरवायचे, तो दिसला की पुढे. शनिवारी उजेड दिसला. खाणीचं तोंड. आणि तिथे इवाई अडले.

“त्याले पुढं जाऊ द्या. सरदार शेवटी निघते.”

पण तो खेळ असा केलेला आहे की सोबतचा माणूस नेहमी मागेच चालतो. आपण थांबलो की तो थांबतो. आपण बाजूला झालो की तोही बाजूला होऊन मागे उभा राहतो. इवायांनी सगळं करून पाहिलं. बसले, वळले, आत दहा पावलं गेले, परत आले. तो पाठीशी. “अरे निकल ना बाहर!” ते ओरडले. “निकल! मेरे पीछे क्या है तेरा?” आणि खोकला सुटला. थांबेना. मी पाणी दिलं, पाठ चोळली. वीस वर्षांत मी त्या माणसाच्या पाठीला हात लावला नव्हता, हाडं लागली.

“इवाईबुवा, जाऊ द्या. एक पाऊल तं हाय. तुमच्यामागं तोबी येते.”

त्यांनी मान हलवली. नाही.

माझं डोकं पुन्हा फिरलं. खेळावर, ज्याने तो केला त्याच्यावर, रायपूरवर. यंत्र हिसकावून घेतलं, आमच्या बाईला वळवलं आणि त्या कंदीलवाल्याच्या मागे जाऊन त्याला खांद्याने अशी धडक दिली, की गोठ्यातून न निघणारी म्हैसही हलली असती. तो वीतभर पुढे सरकला. लगेच वळून माझ्या मागे यायला बघू लागला. मी पुन्हा धडक दिली. पुन्हा. भिंतीला दाबून, कोपरा धरून, शिव्या देत देत मी त्याला ढकलला, आणि ढकलता ढकलता त्याचा कंदील उजेडात गेला, मग खांदा, मग तो अख्खा. मग मी निघाले.

इवायांनी चष्मा पुसला. म्हणाले, “येवढं सोपं होतं तं आधी काहून नाही केलं?” वहीत वेळ लिहिली, वही मिटली आणि स्टूल इथेच ठेवून गेले.

त्याला आता पाच महिने झाले. दुनिया मोकळी आहे. समुद्र आहे, होडी आहे, तो न उठणारा राजा आहे. नात चिडते, “आजी, अब तो आगे बढ़.” पण मी एक पाऊल टाकलं की तो कंदीलवाला पुन्हा माझ्या मागे येणार, आणि मी अजून तीच केरसुण्या उचलणारी आहे, कुठल्या भोकात शिरेन त्याचा नेम नाही. म्हणून दोघं त्या उतारावर उभी आहेत. मी दुपारी लावून बघते. तिथे दिवस भराभर उगवतो, मावळतो, कधी पाऊस येतो. मला भयंकर राग येतो.

आठवड्यातून एकदा रायपूरहून फोन येतो. रामराम नाही, कशा आहात नाही.

“तो बाहेरच हाय ना?”

“हौ जी. बाहेरच हाय.”

मग फोन तसाच चालू राहतो. फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येतो, जिना चढून आल्यासारखा. मी तब्येतीचं विचारत नाही. विचारलं तर रागावतील. ऐकत बसते. फोन मी आधी ठेवत नाही.